पारावरचं पिल्लू

मी जनावरांची डॉक्टर आणि मुळात भांडखोर. त्या दिवशी दोन्हींचा उपयोग झाला.

शिरड शहापूरच्या पुढच्या एका गावातून सकाळी फोन आला. विजेच्या तारेला चिकटून वानरीण मेली होती, पिल्लू वाचलं होतं. मी पोचले तर मारुतीच्या पारावर वानरिणीला हार घातलेला, गुलाल उधळलेला, ट्रॅक्टरची ट्रॉली सजलेली आणि हलगी जोरात. गावाने सुतकच धरलं होतं. अंत्ययात्रेची व्यवस्था बघणारे माळकरी काका पिल्लाला शालीत गुंडाळून बाटलीने म्हशीचं दूध पाजत होते.

"देवाचं लेकरू हाय," ते म्हणाले. "आता मंदिरातच ठिवतो. माज्यासारखं कोण सांभाळंल?"

"त्याचे घरचे," म्हणून मी समोरच्या चिंचेकडे बोट दाखवलं.

टोळी तिथेच होती. माद्या दोनदा पाराच्या भिंतीपर्यंत उतरल्या आणि दोन्ही वेळा हलगीच्या दणक्याने शेंड्यावर पळाल्या. गावाचं दुःख खरं होतं, पण त्याच्याच आवाजाने पिल्लाची माणसं लांब जात होती. माझं डोकं फिरलं.

प्रशिक्षणाच्या वेळी एका प्राणिसंग्रहालयात मी मुठीएवढी माकडं पाहिली होती. जुळी पिल्लं बाप पाठीवर वागवायचा, मोठी भावंडं त्याला सोडवायची, आई फक्त पाजायला घ्यायची. शेजारच्या पिंजऱ्यातली मादी मात्र माणसांनी एकटीला बाटलीवर वाढवलेली. तिने कधी कुणाचं पिल्लू उचललंच नव्हतं. स्वतःची पिल्लं झाली तेव्हा तिने ती अंगावरून झटकून टाकली. ती मादी माझ्या डोक्यातून कधी गेली नाही. हे सगळं मी काकांना सांगितलं. वानरिणी पहिल्या दिवसापासून एकमेकींची पिल्लं घेतात, तेव्हा हलगी थांबवून पिल्लू भिंतीवर ठेवा, हेही सांगितलं.

"तुमी शिकलेल्या, व्हय. पर देवाला मुक्यानं न्हाई न्हेत."

"मग माझ्या अंगावरून न्या," म्हणून मी ट्रॅक्टरपुढे बसकण मारली. लोक हसले. काका चिडले. मी हलले नाही.

"काका, तुमचा नातू एकट्या सुनेच्या मांडीवर वाढला का?"

त्यांनी शालीची कड उचलून पिल्लाकडे बघितलं. "न्हाई," म्हणाले. "सगळ्या गल्लीनं घेतला." मग वळून ओरडले, "हलगी बंद करा रे!"

पिल्लू भिंतीवर ठेवून सगळे मागे सरकलो. ऊन कलेपर्यंत कुणी खोकलंसुद्धा नाही. खरं सांगते, माझा धीर सुटत आला होता. कुणी आलंच नाही तर? शेवटी एक कोवळी मादी उतरली. तिने पिल्लू उचललं ते उलटंच, पाय वर नि डोकं खाली. ते किंचाळलं. काका ताडकन उठले. मी सदरा ओढून त्यांना खाली बसवलं. तेवढ्यात दुसरी आली, स्वतःचं पिल्लू पोटाशी असलेली. तिने ते हिसकून घेतलं, सरळ केलं आणि दोन्ही पिल्लांसकट चिंचेवर गेली.

यात्रा संध्याकाळी निघाली, हलगीशिवाय.

दहाव्याला काकांचा फोन आला. मुंडण झालं, गावजेवण झालं, तुमी काहून आल्या न्हाई, असं बरंच काही. मी भीतभीतच विचारलं, "पिल्लू आहे का?"

"हाय की!"

"कोणाजवळ आहे?"

"कोणाजवळ म्हून सांगू, ताई? सकाळपास्नं चौघींनी घेतलं."