पन्नीतली खेळणी
शेजारणीच्या पाळणाघराला काल ऑइलपेंट लागला आणि त्या वासानं मला आमच्या मुर्री गावातली तपासणीची ती सकाळ आठवली. पाळणाघराच्या परवानगीसाठी मी आणि शेजारीण, आम्ही दोघींनी अर्ज केले होते. तिनं तर माझाच पाहून भरला होता. माझी खोली ताज्या रंगानं चकाकत होती, आणि खेळणी मळू नयेत म्हणून मी त्यांची पन्नीही काढली नव्हती. तपासणीच्या मॅडमनी पन्नीतला भालू हातात घेतला, ठेवला आणि शेजारी गेल्या. तिथं भिंतीभर रेघोट्या, चटईवर गल्लीतली दोन लेकरं. “हळू बोला ना मॅडम, लेकरं निजून राहिले,” ती म्हणाली, आणि मॅडम चक्क कुजबुजायला लागल्या. परवानगी तिलाच मिळाली. मी जळून खाक झाले. आजही जळते, रोज सकाळी माझा नातू माझं बोट सोडून तिच्याकडे धावतो तेव्हा.