अर्ध्या लिटरचा पाहुणा

१० मे २०२५, शनिवार.

अमरावतीच्या एका डायलिसिस केंद्रातल्या सहाही खाटा दुपारच्या पाळीला भरलेल्या होत्या. तिसऱ्या खाटेवर मोतीराम तायडे डावा हात यंत्राच्या हवाली करून छताकडे पाहत पडले होते. उमेदीची सारी वर्षे त्यांनी धारणीच्या घाटात एस.टी. चालवली होती. निवृत्तीच्या सुमारास रक्तदाबाने मूत्रपिंडे नेली. तेव्हापासून दिवसाला अर्धा लिटर पाण्याची मुभा, आणि त्यातच चहा, वरण, ताक, औषधाच्या गोळीवरचा घोट, सारे काही. संत्री आणि मीठ गेल्याचे त्यांना फारसे दुःख नव्हते. दुःख याचे होते की गल्लीतले कोणीही आता त्यांच्या हातातल्या पेल्याकडे बोट दाखवून ‘हा कितवा?’ असे विचारू लागले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांना अकोल्याला जायचे होते. त्यांची मुलगी संध्या शिक्षिका. अकोल्याच्या पंजाबराव खंडारे यांचा मुलगा सुगत वीज कंपनीत अभियंता. मुलाकडची मंडळी येऊन मुलगी पसंत करून गेली होती. त्या दिवशी मोतीराम यजमान होते, आणि यजमानाला कोणी पाण्याचा आग्रह करीत नाही, म्हणून निभावले. आता घर पाहायला मुलीकडच्यांनी जायचे होते, आणि आजाराची गोष्ट त्या घरी अजून पोचलेली नव्हती.

“सांगून टाका ना भाऊ,” शेजारच्या खाटेवरून चांदूर बाजारच्या माणिकबाई म्हणाल्या. “लपवून काय होते?”

“आधी ठरू द्या. मंग सांगतो.”

“मंग म्हंजे केवा? मांडवात मशीन आणून लावल्यावर?”

सगळी खोली हसली. हसता हसता कोणाचा तरी हात हलला, त्याचे यंत्र ओरडू लागले आणि नर्सने सर्वांना शाळकरी पोरांसारखे दटावले.

मोतीरामांना मात्र हसू आले नाही. हा आजार मुलीकडे जाणारा नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. पण ते वाक्य ऐकायला लोक थांबत नाहीत. ‘किडनी’ या शब्दापाशीच उठून जातात. संध्याचे आधीचे एक स्थळ असेच उठून गेले होते.

अडचण पाण्याची होती. उन्हातून आलेल्या पाहुण्याला वऱ्हाडात पाणी हवे का, असे विचारीत नाहीत. पाणी पुढे धरतात, आणि पेला रिकामा होईपर्यंत धरणारा माणूस जागचा हलत नाही. सोयरिकीला आलेल्याने पाणी नाकारले, तर त्याने घर नाकारले असे समजतात. इकडे शनिवारनंतरचे यंत्र थेट मंगळवारी. मधल्या दिवसांत जास्तीचे जे प्यावे ते शरीरातच साठते आणि पुढे छातीत शिरून श्वास अडवते.

यावरचा उपाय मूर्तिजापूरच्या मैनाबाईंनी फोनवरच काढला होता. मैनाबाई मोतीरामांच्या थोरल्या बहीण. मोतीरामांची पत्नी हयात नसल्यामुळे वडीलधारी बाई म्हणून त्याच सोबत येणार होत्या. रविवारी मूर्तिजापूरच्या थांब्यावर त्या बसमध्ये चढल्या आणि भावाशेजारी बसताच कुजबुजल्या, “मोत्या, तू निस्तं तोंडाले लावजो. बाकी मी पाहून घेते. सकाळपासून घोटभर पाणी नाई पेली. सारी जागा खाली ठेवली हाये.”

“बाई, त्यायनं पाहिलं तं?”

“पायतीन कशाले? लोक पाहुण्याच्या चेहऱ्याकडं पायतात, पेल्याकडं नाई.”

लोकांविषयी मैनाबाईंची अनेक मते अशीच ठाम आणि चुकीची असत.

मोतीरामांनी त्या उन्हात पूर्ण बाह्यांचा शर्ट मनगटापर्यंत बटणे लावून घातला होता. डायलिसिससाठी जोडलेल्या शिरेने डाव्या हातावर दोरखंडासारख्या गाठी उठल्या होत्या, आणि त्या झाकणे भाग होते.

खंडाऱ्यांच्या घरी दुसऱ्या दिवशीच्या बुद्धपौर्णिमेची तयारी चालू होती. भिंतीवरच्या तसबिरी पुसून ठेवलेल्या, दारात निळ्या पताका. पंजाबराव स्वतः ट्रे घेऊन उभे राहिले. समोरच्या दिवाणावर त्यांची आई पार्बताबाई बसली होती. म्हातारीचे मोतीबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते आणि नवी नजर वापरून पाहायची तिला विलक्षण हौस होती.

पाणी आले. मोतीरामांनी पेला ओठांना लावला, पंजाबराव पंख्याचा वेग वाढवायला वळले, आणि तेवढ्यात भरलेला पेला मैनाबाईंकडे गेला, रिकामा मोतीरामांकडे आला. पन्हे आले, सुगत उशी आणायला आत गेला, तेवढ्यात तेही झाले. चहा झाला. पौर्णिमेआधीच चवीला म्हणून केलेली खीर आली. तिच्या दोन वाट्या मैनाबाईंनी अशा निष्ठेने संपवल्या की पंजाबरावांच्या पत्नीने आनंदून तिसरी आणली.

पोटालाही सीमा असते. मैनाबाईंनी मोरीची वाट विचारली. परत आल्या, टेकल्या, पुन्हा उठल्या. तिसऱ्या वेळी पार्बताबाईने लेकाला जवळ बोलावले. आपण कानात बोलत आहोत अशी तिची समजूत होती. ऐकले मात्र सगळ्यांनीच.

“पंजाब, या बाईले काईतरी बिमारी हाये. येवढं पाणी ढोसते अन् घडीघडी उठते.”

पंजाबराव संकोचले, पण त्यांनी विचारलेच. “बाई, राग नका मानू. तुमाले साखरेचा काई त्रास? का किडनीचा?”

मैनाबाईंनी भावाकडे पाहिले, आणि क्षणाचाही विलंब न लावता भावाचा आजार आपल्या अंगावर घेतला.

“किडनीच हाये, भाऊ. दोनीबी गेल्या.”



“बाप्पा!” पंजाबराव म्हणाले. “आत्याले हाये म्हंजे मंग पोरीच्या रक्तात...”

“पोरगी बापावर गेली!” मैनाबाईंनी घाईने बांध घातला. “अन् बाप पाहा कसा ठणठणीत हाये. पोलादी.”

पोलादी बापाने मान हलवली. पंजाबरावांचा चेहरा जरा निवळला. मैनाबाईंसमोरचा पेला त्यांनी उचलला आणि इतर पेल्यांच्या ट्रेमध्ये न ठेवता खिडकीच्या कट्ट्यावर वेगळा ठेवला. हे त्यांनी अतिशय सौजन्याने, जवळजवळ नकळत केले. त्या घरात वेगळा ठेवलेला पेला म्हणजे काय, हे खोलीतल्या एकालाही कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मैनाबाईंनी तो पाहिला. मोतीरामांनीही पाहिला, आणि ते गरगरणाऱ्या पंख्याकडे पाहू लागले. मैनाबाई उठून चौथ्यांदा मोरीकडे गेल्या.

“मंग तुमी तरी आमचे भरोशाचे व्याही,” पंजाबराव म्हणाले आणि त्यांनी मठ्ठ्याचा उंच पेला काठोकाठ भरून मोतीरामांच्या हाती दिला. “हा मात्र मायासमोर संपवाचा.”

बहीण जागेवर नव्हती. पंजाबराव हलत नव्हते. पार्बताबाई नव्या डोळ्यांनी रोखून पाहत होती. मोतीराम मठ्ठ्याकडे पाहत राहिले. हा पेला पोटात घातला तर स्थळ जमत होते. मंगळवारपर्यंत छातीने साथ दिली नसती, असेही म्हणता येत नव्हते. पण पेल्याच्या काठावरून त्यांना खिडकीतला तो दुसरा पेला दिसत होता.

त्यांनी मठ्ठा खाली ठेवला, डाव्या बाहीचे बटण काढले आणि बाही वर सारली.

“बिमारी मले हाये. बाईले काईच नाई. तिनं माह्या वाटचं पेलं.”

पार्बताबाई उठून आली आणि तिने त्या गाठींवर बोटे टेकवली.

“अगं माय! याच्या हातात तं मोटर चालू हाये!”

“रक्त वाहते, आजी. शीर जोडेल हाये. आठवड्यातून तीन दिवस मशीनवर असतो.”

तेवढ्यात मैनाबाई परतल्या. मधले काहीच त्यांना ठाऊक नव्हते. पदराने तोंड पुसत त्यांनी सूत्र पुन्हा हाती घेतले. “तं मी काय म्हणत होती, माह्या किडन्या...”

“बस वो बाई,” पार्बताबाई म्हणाली. “तुह्या किडन्या आल्यापासून दोघांचं काम करून राहिल्या. आता त्याईले आराम देय.”

सुगत इतका हसला की त्याला आत जावे लागले. पंजाबराव हसले नाहीत. “बिमारीचं काई नाई, तायडे. कोणालेबी होते. पण तुमी मायासमोर पेले बदलून राहिले, अन् मी येड्यासारका ट्रे धरून उभा.”

“चुकलं,” मोतीराम म्हणाले. “पोरीसाठी केलं. आता तुमाले वाटन ते ठरवा.”

पार्बताबाईची नजर अजून खोलीभर फिरत होती. ती खिडकीपाशी थांबली. “पंजाब, तो पेला तिकडं काहून ठेवला रे?”

“पंख्यानं पडन म्हून.”

“स्टीलचा पेला पंख्यानं पडत असते काय?”

पंजाबरावांनी पेला उचलून ट्रेमध्ये ठेवला, आणि ट्रे घेऊन आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

परतीच्या बसमध्ये भाऊ-बहीण शेजारी बसले. मूर्तिजापूरला उतरताना मैनाबाई एवढेच म्हणाल्या, “खीर मात्र चांगली होती.”

आठवड्याने अकोल्याचा फोन आला. स्थळ पक्के. मुहूर्त पाहायचा नव्हताच; लग्न रविवारी ठेवू, म्हणजे शनिवारचे यंत्र होऊन मुलीचा बाप ताजातवाना मांडवात बसेल, असे पंजाबरावांनीच सुचवले. व्याह्यांच्या पंगतीत मोतीरामांना कोणी आग्रह करायचा नाही, हेही त्यांनी घरात बजावून ठेवले. माणिकबाईंनी ही बातमी ऐकून डायलिसिसच्या खोलीत खडीसाखरेचा एकेक खडा वाटला.

लग्न नोव्हेंबरात झाले. खिडकीतल्या त्या पेल्याबद्दल मैनाबाईंची माफी मात्र मोतीरामांनीही अजून मागितलेली नाही आणि पंजाबरावांनीही नाही.