पाच नावांचा कागद

वासूमामा गेल्याची बातमी मला एका ट्रक ड्रायव्हरने दिली. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झाल्यापासून आमच्या बेटेगावच्या शाळेसमोरून दिवसभर ट्रक जातात. त्यातला एक फाटकाशी थांबला आणि वरूनच तो म्हणाला, "बहनजी, केळवेवाले आपके मामाजी गुज़र गए. पालघर में किसी ने बोला है आपको बताने को." मी चालू असलेला गणिताचा तास पुरा केला आणि मग निघाले. मामाला ते पटलं असतं. अर्धवट सोडलेल्या कामाचा त्याला तिटकारा होता, आणि त्याला कारणही तसंच होतं. या गोष्टीला आता सात आठवडे झाले, म्हणून ते कारण लिहायला हरकत नाही.

मामा दिल्लीत केंद्र सरकारच्या एका खात्यात लघुलेखक होता. मोठी माणसं बोलायची आणि हा कोपऱ्यात बसून त्यांचं बोलणं रेघोट्यांत पकडायचा. सुट्टीवर आला की आम्ही त्याला चिडवायचो, "मामा, तू नुसत्या रेघोट्या मारतोस आणि सरकार तुला पोसतं!" तो हसायचा. केळव्याला त्याच्या थोरल्या भावाचा पानमळा. तिथली पानं ओल्या फडक्यात आणि केळीच्या सोपटात बांधून महिन्यातून एकदा त्याला दिल्लीला जायची. युद्धाआधी हीच पानं पार कराचीपर्यंत पोचत. पासष्टला लढाई झाली आणि ते थांबलं.

लढाईनंतर काही महिन्यांनी दोन्ही देशांचे अधिकारी दिल्लीत बोलणी करायला बसले. विषय समुद्रावरच्या सुरक्षेचा. गस्तीच्या बोटींनी एकमेकांना काय कळवायचं, कसं कळवायचं, हद्द चुकलेली होडी सापडली तर काय करायचं... काल एकमेकांवर तोफा डागणारे आज एकमेकांना निरोप कसे धाडायचे ते ठरवत होते. आमच्या एडवणची एक होडी लढाईच्या सुमारास भरकटून पलीकडे गेली होती. तिच्यावरची पाच माणसं कराचीच्या तुरुंगात होती. हे दिल्लीत कोणाच्या गावीही नव्हतं. माझ्या आईच्या पत्रातून मामाला ते कळलं. त्याने पाचांची नावं, बापांची नावं, गाव, तालुका असं सगळं मागवून घेतलं, स्वतः टंकलिखित केलं आणि साहेबांपुढे ठेवलं. साहेब भले असावेत. त्यांनी तो कागद दुसऱ्या दिवशीच्या कामकाजात शेवटचा विषय म्हणून घातला.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत पलीकडचे प्रमुख आपल्या माणसाला म्हणाले की वर्षभरात धड पान तोंडात पडलं नाही. मामाने ते ऐकलं. आदल्याच दिवशी केळव्याची पानं आली होती. त्याला वाटलं, गृहस्थ खूश झाला तर आपल्या पाच माणसांचं काम सोपं होईल. त्याने स्वतःच्या हाताने विडे केले आणि शेवटच्या विषयाआधी तबक आत पाठवलं.

प्रमुख जुन्या लखनवी घराण्यातले. त्यांनी तबक पाहिलं, अदबीने एक विडा उचलला, आभार मानले आणि ते उभे राहिले. त्यांच्यामागे त्यांची सगळी माणसं उभी राहिली. आपल्याकडच्यांना वाटलं, हे बोलणी टाकून निघाले. त्यांना वाटलं, यजमानांनी निरोप दिला. पाहुण्याला 'बसा' म्हणायला कोणाची जीभ रेटेना. शेवटचा विषय तसाच राहिला.

पानसुपारी आली की पाहुण्यांनी उठायचं, हे केळव्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी मामाला विचारलं होतं, "तुला हे सुचलं कसं नाही?" तो म्हणाला, "बाय, डोक्यात फक्त पाच नावं होती."

पुढची बैठक आठ महिन्यांनी झाली. तेव्हा माणसं सुटली, पण चार. धोंडू नावाचा पाचवा सुटकेच्या दोन महिने आधी तिथे तापाने गेला. मामाने मुदतीआधीच नोकरी सोडली आणि तो केळव्याला येऊन राहिला. माझं मत मी त्याला अनेकदा ऐकवलं की असली बोलणी विड्यावाचूनही मोडतात, आणि तो विषय त्या दिवशी निघाला असता तरी लांबणीवर पडला असता. तो ऐकून घ्यायचा. पटायचं नाही. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची.

सुटलेल्यांपैकी हरेश्वर दर वर्षी नारळी पौर्णिमेनंतर सुकी मासळी घेऊन मामाकडे यायचा. मामा ती दोन्ही हातांनी घ्यायचा आणि शेजारी वाटून टाकायचा. मला वाटे, याला बिचाऱ्याला खरं माहीत नाही. तेराव्याला तो एडवणहून आला. जेवणं उरकल्यावर मी ठरवून त्याला सगळं सांगितलं. विडा, तबक, आठ महिने, सगळं.

हरेश्वर म्हणाला, "बाई, मामानी पयल्याच वर्साला सांगलेलं. लय रडले."

"तरी तुम्ही येत राहिलात?"

"आमची नावं कोनी लिवली व्हती? दिल्लीत आमाला दुसरा कोन वलखत व्हता?"

त्याने कमरेच्या बटव्यातून मेणकापडात गुंडाळलेला कागद काढला. मामाने टंकलिखित केलेल्या यादीची कार्बन प्रत! मामाने ती त्याला कधी दिली, मला ठाऊक नव्हतं. घड्यांवर विरलेली, मिठाने पिवळी पडलेली. बैठकीत त्या दिवशी वाचलीच गेली नाही, ती हीच यादी.

"ह्यो होडीत असतो," हरेश्वर म्हणाला. "परत कोनी धरलं त दाखवाला. पन आता अक्षर पुसलं. तुमी शालेत शिकवता, नवा लिवून द्या. आनि आता धोंडूचा भाऊस येतो आमच्यासंगती. त्याचं पन नाव घाला."

मी मामाच्या खोलीत गेले. टेबलावर त्याचा चष्मा तसाच होता, तो जरा बाजूला सरकवला. चार नावं सावकाश उतरवली, बापाच्या नावासकट, एडवण, तालुका पालघर. पाचव्याशी हात थांबला. दारात उभ्या हरेश्वरला मी विचारलं, "धोंडूचं काढू ना?"

"नाय," तो म्हणाला. "त्याचं ऱ्हाऊ द्या. भावाचं खाली लिवा."

मी सहा नावं लिहिली.