झाकायची नाही

गल्लीतली पोरं तिच्या गाडीला 'लास्ट बस' म्हणायची आणि तिला 'लास्ट बसवाली'. तिला त्याचं काही वाटत नसे. एकदा तर तिनेच एका पोराला दरडावलं होतं, "म्हणायचंय तर तोंडावर म्हण की! पाठीमागे कुजबुजायला मी काय भूत आहे?"

गाडी होती शववाहिका. काळी, लांबलचक, मागे दोन्ही बाजूंना काचा. त्याआधी ती शाळेची व्हॅन चालवायची. शाळेने स्वतःच्या बस घेतल्या आणि हिची व्हॅन बसली. अंत्यविधीची कामं घेणाऱ्या एका म्हाताऱ्याने 'ड्रायव्हर पाहिजे' अशी पाटी लावली होती, तिथे जाऊन ती उभी राहिली.

"बाईमाणूस?" म्हातारा म्हणाला.

"मागचा तर काही बोलणार नाही. तुमची काय हरकत आहे?"

म्हाताऱ्याला हसू आवरेना. त्याने किल्ली दिली, आणि पुढे हातपाय थकले तेव्हा गाडीही तिलाच विकली.

गाडी चांगली असली तरी कळा गेलेली होती. रंग विटलेला, अंगभर बारीक ओरखडे. एकदा रस्त्याच्या खोदकामातून ती एका घरासमोर पोचली तेव्हा दोन्ही बाजू चिखलाने भरल्या होत्या. मृताची मुलगी पुढे आली आणि कुणाशी काही न बोलता ओढणीच्या टोकाने मागची काच पुसायला लागली. "बाबांना घाण चालायची नाही," एवढंच म्हणत होती. सगळे बघत उभे राहिले. लास्ट बसवालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने त्या मुलीच्या हातातून ओढणी सोडवली आणि स्वतःच्या रुमालाने काच पुसली. पण ते दृश्य तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

महिन्याभरात तिने गाडीला पॉलिश करून सिरॅमिक कोटिंग करून घेतलं. या धंद्यातल्या बाकीच्या ड्रायव्हरांनी तिची यथेच्छ टिंगल केली. "मेलेल्याला काय कळतंय चमक?"

"त्याला नाही कळत," ती म्हणाली. "मागून चालणाऱ्यांना कळतं."

कोटिंग करणाऱ्या पॉलिशवाल्याने किल्ली देताना तिला बजावलं होतं, "ताई, हे चिलखत नाही. काचेसारखा पातळ थर आहे. घाण सहज सुटेल, पाणी ओघळून जाईल, पण धुवायलाच नको असं कुणी सांगितलं तर हाकलून द्या त्याला." मग त्याने पथ्यं सांगितली. कोरड्या फडक्याने एकदाही पुसायची नाही, कारण धूळ म्हणजे बारीक वाळूच. दोन बादल्या घ्यायच्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला. उन्हात धुवायची नाही. पाण्याचे थेंब अंगावर वाळू द्यायचे नाहीत, डाग धरतात. ब्रश फिरवणाऱ्या मशीनखाली तर नाहीच नाही. आणि पक्ष्यांची शीट दिसली की हातातलं काम टाकून ओल्या फडक्याने भिजवायची आणि अलगद उचलायची.

"एवढं तर मी नवऱ्याचंही केलं नाही," ती म्हणाली.

नवरा शिंपी होता. पुढच्याच खोलीत त्याचं मशीन. रविवारी सकाळी ऊन गल्लीत उतरायच्या आत ती बादल्या घेऊन बाहेर पडायची आणि हा खिडकीतून कपबशी पुढे करायचा. फेस लावायचा, वरून खाली यायचं, पाणी सोडायचं. पाण्याचे मणी काळ्या अंगावरून घरंगळत जायचे, आणि मग ती मऊ टॉवेल पसरून शेवटचा थेंब टिपून घ्यायची. समोरच्या बाल्कन्यांतून माणसं बघायची. कुणी खिडकी धाडकन लावून घ्यायचं.

चकाकायला लागली आणि गाडी लोकांच्या डोळ्यांवर आली. विटकी होती तोवर कुणाच्या खिजगणतीत नव्हती. गल्लीच्या समितीचे अध्यक्ष म्हणजे फर्निचरच्या दुकानाचे मालक. त्यांनी बैठक बोलावली.

"तुमच्या कामाबद्दल आम्हाला आदरच आहे," ते म्हणाले. "पण सकाळी खिडकी उघडली की ही समोर! माणसाचा दिवस कसा जायचा?"

"कालचा गेला ना? तसाच."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षांचा आवाज चढला. "निदान झाकून तरी ठेवा! कव्हर समिती देईल."

ती उठून उभी राहिली. "कव्हर टाकलं की खाली धूळ अडकते. वाऱ्याने कव्हर हललं की ती घासते आणि कोटिंगची वाट लागते. हे झालं गाडीचं. आता माझं सांगते. ही मी चोरून आणलेली नाही. झाकणार नाही."

घरी जाताना नवरा म्हणाला, "झालं. आता पँट आखूड करायला कोण येतंय माझ्याकडे!" पण त्याने तिचा हात सोडला नव्हता.

दोन-चार दिवसांनी सकाळी ती बाहेर आली तर ड्रायव्हरच्या दारापासून मागच्या चाकापर्यंत खिळ्याने ओढलेली पांढरी रेघ. तिने बोट फिरवलं, नख अडकलं. पायरीवर बसून ती घटकाभर रडली. मग तोंड धुतलं आणि गाडी पॉलिशवाल्याकडे नेली. थर खिळ्यापुढे टिकत नाही, हे त्याने आधीच सांगितलं होतं. रंग भरून, घासून, तेवढ्या भागावर नव्याने थर द्यावा लागला. कोटिंग पक्कं होईतो गाडी त्याच्याच शेडमध्ये राहिली. ती परत आली आणि जिथे होती तिथेच उभी राहिली, इंचभरही इकडे-तिकडे नाही.

पुढच्या रविवारी ती गाडी पुसत असताना काठी टेकत एक म्हातारी आली. अध्यक्षांची आई. सगळ्या गावाच्या हेडबाई. निम्म्या गल्लीने लहानपणी त्यांच्या छड्या खाल्लेल्या. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"आरशासारखी आहे गं. माझ्या सुरकुत्यासुद्धा दिसल्या." मग त्या म्हणाल्या, "मला एक चक्कर मार."

"हेडबाई, ही..."

"ही काय आहे ते मला ठाऊक आहे. एकदा झोपून जायचंच आहे. आधी बसून जाऊ दे."

तिने पुढचं दार उघडलं. तेवढ्यात अध्यक्ष सपाता फटफटवत धावत आले. "आई! लोक काय म्हणतील?"

"लोकांना मी शिकवलंय. काय म्हणतील ते मला माहीत आहे," हेडबाई म्हणाल्या आणि पट्टा लावला.

त्या दोघी तळ्यापर्यंत जाऊन आल्या. रस्त्यावर गाड्या बाजूला होत होत्या. चौकात एका माणसाने अदबीने टोपी काढली, तर हेडबाईंनी काच खाली करून त्याला हात हलवला. तो जागच्या जागी थिजला. लास्ट बसवाली हसून हसून इतकी बेजार झाली की तिला गाडी कडेला घ्यावी लागली.

तळ्याकाठी हेडबाई गंभीर झाल्या. "मला मरणाची भीती नाही गं. पण ही पोरं घाईघाईने उरकून टाकतील, त्याची वाटते. तू घाई करायची नाहीस."

"नाही करणार."

त्या संध्याकाळी अध्यक्ष स्वतः घरी आले. आवाज मऊ होता. त्यांच्या गोदामामागे शेड रिकामी होती. गाडी तिथे लावा, भाडं नको म्हणाले. ती बघून आली. वर पक्कं छप्पर, ऊन नाही, झाड नाही, पक्षी नाही. कोटिंगसाठी याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. पॉलिशवाला तर फोनवर ओरडलाच, "ताई, डोळे मिटून घ्या!"

ती रात्रभर तळमळली. सकाळी तिने अध्यक्षांना दुकानात गाठलं.

"जागा झकास आहे. गाडीचं भलं होईल," ती म्हणाली. "पण तिथे ती तुम्हाला दिसणार नाही, म्हणून देताय ना?"

अध्यक्ष शेजारच्या खुर्चीवरची धूळ झटकायला लागले.

"मग नको. मी माझ्या दारात लावीन आणि पक्ष्यांचं काय ते बघून घेईन."

तो विषय समितीत पुन्हा निघाला नाही. काहीजण अजून तिच्या दारावरून जाताना मान वळवतात. अध्यक्ष तर पलीकडच्या बाजूने जातात. ती मुद्दाम मोठ्याने त्यांना नमस्कार घालते. आणि समोरच्या वळचणीची कबुतरं काही समितीचं ऐकत नाहीत. त्यामुळे रोज पहाटे, दात घासायच्याही आधी, ती ओलं फडकं घेऊन बाहेर येते, टपावरची शीट भिजवते, थांबते, आणि कबुतरांना शिव्या देत देत अलगद उचलते.