दार वाजलं की ढकलायचं

आमच्या वहिनीला काळजी करायला कारण लागत नाही. कारण मिळालंच तर उलट ती जराशी शांत होते. घराबाहेर पडताना गॅस बंद आहे ना, हे ती तीनदा बघते, आणि तिसऱ्यांदा बघताना चुकून चालू तर नाही ना केला, म्हणून चौथ्यांदा. पण हीच बाई बाळंतिणीच्या उशाशी बसली की खडक. वीस वर्षं ती डोंगरातल्या वस्त्यांवर फिरती नर्स आहे. समोर काहीही चाललेलं असो, तिचा आवाज भाजी निवडताना असतो तसाच असतो. "जोर नको लावू गं आत्ताच, दम खा," हे ती अशा सुरात सांगते की बाळसुद्धा जरा थांबून विचार करत असेल. एकदा मी तिला विचारलं, "वहिनी, तिथे तुला भीती कशी वाटत नाही?" तर म्हणाली, "भावजी, ती सगळी वाटेतच संपलेली असते."

आणि वाटेत घाबरायला तिच्याकडे नऊ वर्षं हक्काची सोय होती. तिची गाडी.

गाडी दिसायला गोजिरवाणी. छोटी, पांढरी, खेळण्यासारखी. स्वभाव मात्र रुसक्या जावयाचा. घरासमोर एका किल्लीत चालू व्हायची. डोंगर चढून गेली, जरा गार झाली, की किल्ली फिरवल्यावर नुसतं "टक्" करायची. चार मेकॅनिक झाले. प्रत्येकाने आधीच्याला नावं ठेवली आणि "वायरिंगमध्ये आहे, पण सापडत नाही" असं सांगून गाडी परत केली. माझा दादा दुकानांच्या पाट्या रंगवतो. तो म्हणाला, "मागच्या काचेवर सुरेख अक्षरात लिहून देऊ का, 'कृपया ढकला' म्हणून?" त्या दिवशी दादाला चहा स्वतः करून घ्यावा लागला.

पाटीची गरज नव्हतीच. सगळ्या वस्त्या शिकून तयार झाल्या होत्या. नर्सबाईंची गाडी नेहमी उतारावर, तोंड खाली करून लागायची. चाकाखाली दगड. बाई निघाल्या की घरातले पुरुष, पुरुष नसले तर बायका, मागे येऊन उभे राहायचे. एकाने दगड काढायचा. वहिनीच्या बाजूची काच वर अडकून बसलेली, त्यामुळे आतून ओरडलेलं बाहेर ऐकू जायचं नाही. म्हणून खूण ठरली होती: दार वाजलं की ढकलायचं. नवी सून घरात आली की तिला आधी पाणी कुठून आणायचं ते दाखवत आणि मग बाईंची गाडी कशी ढकलायची ते. लोकांनाही त्याचं काही वाटत नसे. बाईंनी रात्रंदिवस आपल्याकडे बघायचं आणि आपण गाडीला हात लावायचा, हिशेब फिटला.

हे असंच चालत राहिलं असतं. पण तीन वर्षांपूर्वी गाडी वरच्या पठाराच्या वाटेवर, ओढ्याच्या अलीकडे, चालता चालता बंद पडली. तिथे ढकलायला झाड होतं आणि बगळे होते. पठारावर लाकडाच्या वखारीतल्या करवतवाल्याची बायको पहिलटकरीण होती. वहिनी हातात पेटी घेऊन पळत चढली तरी पाऊण तास उशीर झाला. मूल सासूच्या हातावर आलं होतं. मूल धडधाकट होतं, पण आईचं रक्त थांबेना. कसंबसं थांबलं. खालच्या हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी नंतर स्पष्ट सांगितलं, "पुढचं बाळंतपण घरी अजिबात नाही. कळा सुरू होताच इथे आणायचं. परत असं झालं तर मी हमी देणार नाही."

आणि आता तिला पुन्हा दिवस गेले होते. हॉस्पिटल दोन तासांवर. ॲम्ब्युलन्स ओढ्यापर्यंत येते, पुढच्या दगडगोट्यांत घालायला ड्रायव्हर तयार नसतो. वहिनीने त्या सासूला शब्द दिला, "मी आणीन खाली." शब्द देऊन घरी आली आणि जेवलीच नाही. पाण्याचा तांब्या समोर घेऊन नुसती बसून राहिली.

"अगं, गाडी बदलू," दादा म्हणाला.

"काय सांगू मी त्या सासूला? गाडी आली की मग कळा द्या?"

"म्हणजे लगेच बदलू."

शोध सुरू झाला, आणि संपला तो एका निवृत्त मोजणीदाराच्या अंगणात. जंगलाच्या जमिनी मोजत त्यांनी आयुष्य काढलं होतं, ज्या जीपमधून काढलं ती विकायची होती. जीप अठ्ठावीस वर्षांची. उंच, चौकोनी, मळकट हिरवी, आणि कुणी दोन कपाटं एकमेकांवर ठेवून खाली चाकं लावावीत तशी. दादाने तिच्याभोवती एक फेरी मारली आणि माझ्या कानात म्हणाला, "गाडी म्हातारी झाली म्हणून बदलतोय, आणि घरी नेतोय तिची आजी?"

पण वहिनीला गाडी बघण्याची संधीच मिळाली नाही. मोजणीदारच वहिनीला बघत होते. मुलगी दाखवायला आणल्यासारखी ती खुर्चीच्या टोकावर बसलेली.

"ताई, चढावर क्लच दाबून धरायची सवय आहे?"

"आहे... म्हणजे होती. म्हणजे सोडीन."

"ओढ्यात थांबता?"

"मी नाही हो थांबत, गाडी थांबते."

मोजणीदार पहिल्यांदा हसले. मग त्यांनी तिला शेजारी बसवून मागच्या टेकडीवर नेलं. मोठा दांडा नेहमीच्या गिअरचा. त्याच्याशेजारी एक छोटा दांडा. तो मागे ओढला की चारही चाकं जोर लावतात आणि गाडी मुंगीच्या चालीने भिंतसुद्धा चढेल. पुढे सारला की नेहमीची चाल. "आणि मध्ये?" वहिनीने विचारलं. काळजी करणारी माणसं नेमकं मधलंच विचारतात.

"मध्ये कधीच ठेवायचा नाही. मध्ये असला की इंजिनाचा आणि चाकांचा संबंध तुटतो. मग गिअरमध्ये टाकून ठेवलीत तरी ती उतारावर धावणार. हिचा हँडब्रेक माझ्यासारखाच आहे, आवाज मोठा, पकड कमी. दगड लावत जा."

दगड लावायची तर वहिनीला नऊ वर्षांची सवय. तिला तेवढंच ओळखीचं वाटलं.

जीप घरी आली. रोज सकाळी वहिनी तिला चालू करायची, आणि रोज ती पहिल्या किल्लीत चालू व्हायची. त्याने वहिनी जास्तच बिथरली. "जुनी गाडी बंद पडायची तेव्हा निदान कळायचं. हिच्या मनात काय आहे कुणास ठाऊक." अठ्ठावीस वर्षांचं यंत्र काहीच तक्रार करत नाही, म्हणजे आतल्या आत काहीतरी सोसतंय, अशी तिची पेशंटांवरून बनलेली खात्री. रात्री तिला स्वप्नात तो छोटा दांडा दिसायचा. मधोमध.

तेराव्या दिवशी सकाळी अकराला फोन आला. करवतवाला धापा टाकत होता. "बाई, सुरू झालंय. पाणी पण गेलंय."

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण वहिनीकडून, करवतवाल्याकडून आणि त्याच्या आईकडून वेगवेगळं ऐकलंय. तिघांचं पटत नाही ते फक्त अंतराच्या बाबतीत.

ओढ्याशी वहिनीने छोटा दांडा मागे ओढला. जीप घोटाभर पाण्यातून आणि डोक्याएवढ्या दगडांवरून अशी गेली की जणू तिला वाट पाठ होती. पाठ असणारच, मोजणीदारांनी ते पठार दोनदा मोजलं होतं. जिथे पाऊण तास गेला होता ती जागा मागे पडली तेव्हा वहिनीने श्वास सोडला. आणि तिथेच घोटाळा झाला. काळजी सुटली की तिचं लक्षही सुटतं.

पठारावरच्या घरापुढे तिने गाडी वळवून लावली. अर्थातच उतारावर, तोंड खाली करून. जिला ढकलायची गरज नाही अशी गाडी तिने नऊ वर्षांच्या सवयीने ढकलायला सोयीची लावली. परत जाताना नेहमीची चाल हवी, म्हणून छोटा दांडा पुढे सारला. तेवढ्यात आतून कण्हणं ऐकू आलं. हात निम्म्यातच सुटला. दांडा मधोमध. चाकाखाली दगड मात्र लावला.

सुनेच्या दोन कळांमध्ये पाच मिनिटांचं अंतर होतं. खाली पोचायला वेळ होता, पण वाया घालवायला नव्हता. सासूने आणि वहिनीने तिला धरून मागच्या सीटवर निजवलं. वहिनी तिच्याशेजारी चढली, एक कळ जाऊ द्यावी, नाडी बघावी, मग पुढे बसून निघावं, म्हणून. थंड वारा आत येत होता, तेव्हा तिने मागचं दार ओढून घेतलं.

धाड्.

बाहेर करवतवाला आणि त्याचे दोन भाऊ कधीचे जागा धरून उभे होते. दगड आधीच काढून कडेला ठेवला होता, शिस्तीत. दार वाजलं. तिघांनी खांदे लावले आणि "हैऽऽ" करून जीव खाऊन ढकललं. घरच्या लक्ष्मीचा प्रश्न होता, कुणी हात राखून ढकलतंय होय!

जीप निघाली. पुढच्या सीटवर कुणीही नव्हतं.

वहिनीला पहिल्या क्षणी वाटलं की चक्कर आली. दुसऱ्या क्षणी खिडकीतून घर मागे जाताना दिसलं. उताराच्या टोकाला गुरांचा दगडी हौद, आणि हौदाच्या पलीकडे जमीनच नाही. वहिनी सत्तेचाळीस वर्षांची, अंगाने माझ्या आईच्या भाषेत "खात्यापित्या घरची". ती दोन पुढच्या सीटांमधून डोकं खाली घालून घुसली. निम्मी गेली आणि अडकली. पाय मागे, हात पुढे. हाताला जे पेडल लागलं ते आधी क्लच निघालं. मग शेजारचं. त्यावर तिने दोन्ही तळहात टेकवले आणि सगळं वजन टाकलं.

मागून सून ओरडली, "बाई, मी तुमचे पाय धरलेत! दाबा तुम्ही!"

कळा चालू असलेली बाई नर्सला धीर देत होती. जीप थांबली. किती पुढे जाऊन थांबली, तर वहिनी म्हणते पन्नास हात, करवतवाला म्हणतो दहा, आणि सासूच्या मते ती हौदाला नमस्कार करून आली. भाऊ धावत आले. एकाने दगड आणला, लाजत लाजत लावला.

"अरे, कुणी सांगितलं होतं ढकलायला?" सीटांमधून आवाज आला.

"दार वाजलं ना, बाई."

"ओढा आधी मला बाहेर!"

ओढलं. मग ती पुढच्या सीटवर बसली. किल्ली दोनदा उलटी घातली. सासू खिडकीशी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, आता तुम्हीच दम खा." वहिनीने दम खाल्ला. छोटा दांडा बघितला, पुढे सारला, पुन्हा बघितला. किल्ली फिरवली. जीप चालू झाली, पहिल्या फेरीत, नेहमीसारखी.

करवतवाला शेजारच्या सीटवर होता. खाली पोचायला दोन तास दहा मिनिटं लागली. वाटेत कळा तीन मिनिटांवर आल्या. वहिनी प्रत्येक वळणावर मोठ्याने कळांमधलं अंतर मोजत होती. सून मागून "बाई, मी ठीक आहे, तुम्ही रस्त्याकडे बघा" असं सांगत होती. हॉस्पिटलच्या दारात स्ट्रेचर तयार होतं. रक्त ह्याही वेळी गेलं, डॉक्टरीणबाईंना धावपळ करावी लागली, दोन बाटल्या रक्त चढवलं. चार वाजता त्या बाहेर आल्या. "अर्धा तास उशीर झाला असता तर..." असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. मुलगी झाली होती. आई झोपली होती. वहिनी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली आणि तिथे, सगळं पार पडल्यावर, हुंदके देऊन रडली. करवतवाला बिचारा आजूबाजूच्यांना सांगत सुटला, "त्या नातेवाईक नाहीत, नर्स आहेत."

दुसऱ्या दिवसापासून वहिनीला नवी काळजी लागली. एका घराने ढकललं, म्हणजे बाकीचीही ढकलणार. जी सवय लावायला नऊ वर्षं गेली, ती मोडायला तिने आठवडा काढला. वस्ती वस्ती फिरली. प्रत्येक घरातल्या सगळ्यांना अंगणात उभं करायची, दार आपटायची, आणि जो पुढे येईल त्याच्यावर डोळे वटारायची. एक म्हातारे तर चार वेळा पुढे आले. "आजोबा, ढकलायचं नाही म्हणते ना!"

"मग आम्ही करायचं काय?" आजोबांनी विचारलं. त्यांच्या स्वरात राग नव्हता, हात रिकामे झाल्याचं दुःख होतं.

"हात हलवा," वहिनी म्हणाली.

"आणि नाहीच चालू झाली तर?"

आता हा प्रश्न आमच्या वहिनीला विचारायचा! रोज पहाटे डोळे उघडले की तिच्या मनात हाच असतो. तिने आजोबांना दंडाला धरून गाडीच्या मागून बाजूला घेतलं, नुसतं तुळशीपर्यंत नाही, चांगलं दहा पावलं, भिंतीशी उभं केलं. मग चढली, दांडा बघितला, दार लावून घेतलं. आवाज झाला तसे आजोबांचे दोन्ही हात आपोआप पुढे आले, आणि मध्येच आठवण होऊन त्यांनी ते वर केले.

जीप खाली उतरेपर्यंत ते हलवत राहिले.