चौथीपर्यंतच्या शाळेचं गाऱ्हाणं

सावंतवाडीहून सुटलेली एसटी बांद्याला थोडी विसावली आणि पत्रादेवीच्या दिशेनं निघाली, तेव्हा मी खिडकीची काच सरकवली. माझा थोरला भाऊ याच रस्त्यानं पहिल्यांदा गोव्यात गेला होता. गोवा मुक्त होऊन फार दिवस झाले नव्हते. खेडोपाडी मराठी शाळा निघत होत्या आणि शिकवायला माणसं हवी होती. दादा तेव्हा विशीत होता. पत्र्याची पेटी घेऊन गेला, तो निवृत्त होईपर्यंत पेडणे तालुक्यातल्या एकाच वाड्यावर (वस्तीवर) राहिला. लग्न केलं नाही. सुट्टीत कोल्हापूरला यायचा आणि चार दिवसांत परतीच्या गाडीची चौकशी करू लागायचा. म्हातारपणी तो माझ्याकडे आला. या वैशाखात गेला.

त्याच्याविषयी मला सगळं ठाऊक आहे असं वाटायचं. तो गेल्यावर लक्षात आलं, की त्याची शाळा मी पाहिलेलीच नाही. म्हणून नवरात्रात निघाले. तिथं नवरात्रात शाळेत शारदेची मातीची मूर्ती बसवतात आणि सगळा वाडा जमतो, हे त्यानंच सांगितलेलं होतं.

हद्द ओलांडली तरी काही बदलत नाही. तेच काजू, तीच तांबडी माती. शेतं मात्र पिकत आली होती. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात पिवळं पडून वाकलं होतं आणि त्यावर ऊन स्थिर बसलं होतं. पेडण्याच्या स्टँडवर उतरून एका गाड्यावर पातळभाजी आणि उंडो (वरून कडक, आत मऊ असा गोल पाव) खाल्ला. दादा कोल्हापुरात शेवटपर्यंत या पावाची आठवण काढायचा. बेकरीत मिळणारा पाव हातात घेऊन दाबून बघायचा आणि ठेवून द्यायचा.

पुढं लहान बस होती. कंडक्टरला म्हटलं, "शाळेपाशी उतरवा." त्यानं उतरवलं. बस निघून गेल्यावर मी पाहिलं, तर समोर दुमजली, रंगवलेली इमारत, मोठं मैदान, फाटकाशी दोन पिवळ्या बस. ही दादाची शाळा नव्हती. दादाची शाळा आणखी आत, डोंगराच्या अंगाला होती, आणि तिकडं बस जात नव्हती.

फाटकाजवळच्या पिंपळाखाली एक पायलट (भाड्यानं मोटारसायकलवर नेणारा) उभा होता.

"खंय जावचां, मावशे?"

"वरच्या वाड्यावर. मराठी शाळेत."

"ती इस्कोल? ती आजून आसा?" त्यानं हसून विचारलं. मग माझ्या तोंडाकडं पाहून हसणं आवरलं. "बसा. पदर खोचा आनी धरून बसा. पडलात तर माजां नाव वायट जातलां."

अडुसष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा मोटारसायकलवर बसले. चढावर डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा शाळा समोर होती.

जांभ्या चिऱ्याच्या दोन खोल्या, मंगळुरी कौलं, पुढं पडवी आणि झेंड्याचा खांब. एका खोलीला कुलूप होतं. दाराच्या फटीतून पाहिलं, तर वासे खाली झुकले होते आणि जमिनीवर फुटक्या कौलांचा ढीग पडला होता. दुसऱ्या खोलीत पहिली ते चौथीची मुलं एकत्र बसली होती. मुठीत मावतील इतकीच. पताका कापायचं काम चाललं होतं. बाई एकच, नलिनीबाई. त्यांनी मला खुर्ची दिली आणि मुलांना सांगितलं, "पोरांनो, ही आपल्या जुन्या मास्तरांची भयण." मुलांनी आळीपाळीनं माझ्या पायांना हात लावले. त्यांतल्या एकानंही दादाला पाहिलेलं नव्हतं.

बाईंनी सगळं सरळ सांगितलं. कुलूपबंद खोलीच्या दुरुस्तीसाठी त्या दर वर्षी मागणी करायच्या, दर वर्षी उत्तर यायचं की निधी नाही. इतक्या थोड्या मुलांसाठी पैसा कुठून आणायचा, असं वरचे म्हणत. आता तोंडी कळवलं होतं, की मुलं आणखी कमी झाली तर जूनपासून ही शाळा खालच्या, रस्त्यावरच्या दुमजली शाळेत मिसळायची. आणि मुलं कमी होणार होती. वाड्याच्या टोकाला राहणारी सुनंदा आपली दोन्ही मुलं खालच्या शाळेत घालणार होती.

"ती दोघं गेली की संपलं," नलिनीबाई म्हणाल्या, आणि कातरी हातात घेऊन पुन्हा पताका कापू लागल्या.

तेवढ्यात पडवीत काठी वाजली. वाड्यावरचे जाणते, विठोबा. सगळे त्यांना आबा म्हणतात. दादाच्या अगदी पहिल्या मुलांपैकी ते एक.

"मास्तरांची भयण! म्हणजे माजी आते."

"अहो, तुमचे केस माझ्याहून पांढरे आहेत."

"केसांचां कितें घेवन बसलात? मास्तर आमका बापाशीच्या जाग्यार. मगे तुमी आते नाय तर कोण?"

त्या दिवसापासून सबंध वाड्याची मी आते झाले. पिकल्या मिशांचे बापयही (पुरुषही) मला आते म्हणू लागले.

आबांनी मला शाळेभोवती फिरवलं. हे चिरे त्यांच्या बापानं आणि शेजाऱ्यांनी डोक्यावरून वाहून आणलेले. इथं मास्तर उभे राहायचे. या जनेलाशी (खिडकीशी) आबा बसायचे, कारण तिथून आपली म्हैस दिसायची. "मास्तर म्हणायचे, विठोबा, म्हशीक 'अ' येता, तुका कधी येतलो?" आबा हसले आणि हसता हसता थांबले. मग काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "आते, एक काम करा. सुनंदाक सांगा. आमचां ती आयकूची नाय. मास्तरांच्या भयणीचो शब्द मोडची नाय."

मी हो म्हटलं. मलाही तेच हवं होतं. दादाचं म्हणावं असं जगात दुसरं काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी सुनंदाकडे गेले. भाड्याचं घर, अंगण लख्ख सारवलेलं. ती मूळची दोडामार्गकडची. नवरा डिचोलीच्या बाजूला खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या, तेव्हापासून दुसऱ्याचा टेंपो चालवतो, रात्री उशिरा येतो. तिनं मला चहा आणि काकण (बांगडीच्या आकाराचा कडक पाव) दिलं. तिची तिसरीतली तन्वी दारात बसून धाकट्या भावाचा अभ्यास घेत होती. चूक झाली की त्याच्या डोक्यात टपली मारत होती.

"आबांनी धाडलां तुमका," सुनंदा म्हणाली. विचारलं नाही, सांगितलं.

"हो."

"बाई बरी आसा, आते. बाईंक मी नावां ठेवचंय नाय. पण एकटी बाई चार यत्ता शिकयता. ती तालुक्याक बैठकीक गेली की त्या दिसा पोरां पताकाच करतत. श्रावणात कौल पडलां. तन्वीच्या पाटीर." तिनं मुलीकडं पाहिलं. "पाटी फुटली. मी म्हटलां, पाटयेर निभावलां."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"सगळे माका सांगतत, सुनंदा, पोरां काढू नको, इस्कोल बंद पडात. त्येंची पोरां खंय आसत? सकाळी खाल रस्त्यार जावन रवा, दिसतली. पिवळ्या बशीत! आबांचो नातू सुद्दां. गरिबाच्या पोरांनी तेवढी इस्कोल राखूची!"

मला हे कोणी सांगितलं नव्हतं. जे सांगायला आले होते ते माझ्या ओठावर आलं नाही. मी तन्वीला जवळ बोलावून पुस्तक वाचायला सांगितलं. तिनं वाचलं, चांगलं वाचलं, एका जोडाक्षरावर अडखळली आणि पुढं गेली. निघताना सुनंदानं माझ्या हातात दोन नारळ ठेवले आणि म्हणाली, "तुमी कायच बोलूक नाय, तां बरां केलात."

दुसऱ्या दिवशी शारदा बसली, एका दिवसापुरती. उघड्या खोलीत, फळ्याखालच्या मेजावर (टेबलावर), झेंडूच्या माळांत हातभर उंचीची मूर्ती. दुपारी पडवीत पंगत झाली. खतखतें (अनेक भाज्यांचं मिश्रण) आणि मणगणें (हरभऱ्याची डाळ, साबुदाणा आणि नारळाच्या रसाची खीर). बायका वाढताना एकमेकींची थट्टा करत होत्या, पण सुनंदाच्या पानाशी आल्या की गप्प होत होत्या. ती मान खाली घालून जेवली.

आरतीनंतर गाऱ्हाणं होतं. इकडं कुठलंही मंगल कार्य गाऱ्हाण्यावाचून पुरं होत नाही. जाणता माणूस देवाशी मोठ्यानं बोलतो, सगळ्यांसाठी मागणं मागतो, आणि दर मागण्याला जमलेली माणसं 'व्हय म्हाराजा' म्हणून होकार देतात. या वाड्याची रीत अशी, की होकार घराघरातून यायला हवा. एका घरानं तोंड मिटलं तर मागणं देवापर्यंत पोचत नाही. आबांनी ते मला सकाळीच समजावून सांगितलं होतं. का सांगितलं, ते तेव्हा कळलं नाही.

आबा मूर्तीपुढं उभे राहिले.

"हे आई शारदे, बारा गावच्या, बारा येशीच्या देवा म्हाराजा! वर्सापरमाणे ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे जमली आसत…"

"व्हय म्हाराजा!"

"केली सेवा ती गोड मानून घे…"

"व्हय म्हाराजा!"

"आमच्या बापजाद्यांनी डोक्यार चिरे व्हावन ही इस्कोल बांदली. ती तू राख…"

"व्हय म्हाराजा!" इथं सुनंदाचाही आवाज मी ऐकला. माझा तर सर्वांत मोठा असावा.

आबांचा आवाज चढला. "आनी जो कोण आपलां पोर हंयसून काडून दुसरीकडे घालीत, त्येची वाट तू आडव म्हाराजा…"

होकार आला, पण तुटक. दोन-तीन म्हाताऱ्या बायकांचा, एका पुरुषाचा. मग काहीच नाही. सगळे सुनंदाकडं बघत होते. ती भिंतीशी उभी होती, एक हात तन्वीच्या खांद्यावर, ओठ घट्ट मिटलेले.

"सुनंदा, तुज्या घराचो होकार येवक नाय," आबा म्हणाले.

"येवचो नाय, आबा. माज्याच पोरांची वाट आडव, म्हणून मी कशी मागू?"

"देवीसमोर उलट बोलता गे!" कोणीतरी म्हातारी म्हणाली.

"देवीसमोर आसंय म्हणानच खरां बोलतंय. आबा, तुमचो नातू पिवळ्या बशीत चडलो, तेव्हां तुमी देवीक कायतरी सांगितलात?"

नलिनीबाईंनी फळ्याकडं तोंड फिरवलं. मला वाटलं आबा आता ओरडतील, आणि खरं सांगायचं तर माझी इच्छा होती की त्यांनी ओरडावं, धाक घालावा, आणि ती दोन मुलं इथंच राहावीत. पण ते मूर्तीकडं वळले. ताटातला कापूर जळून गेला. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि पुन्हा हात जोडले.

"आई, मगाचां मागणां मी परत घेतंय. चुकलां माकलां पोटात घाल. पयलो माजो नातू ह्यो पायऱ्यो उतरान गेलो, आनी मी तोंड उघडूक नाय." त्यांचा आवाज आता अगदी खाली आला होता, पुढं झुकून ऐकावं लागत होतं. "हीं पोरां खंयच्याय इस्कोलात बसांदीत. थंय त्येंच्या जिभेर तू रव. त्येंच्या डोक्यार कौल पडांदी नको. त्येंची वाट मोकळी कर गे म्हाराजा."

पहिला होकार सुनंदाचा आला. मोठ्यानं, रडत. "व्हय म्हाराजा!" मग तिच्यामागून एकेक घर. मुलं नेहमीप्रमाणं ओरडली. त्यांना त्यातलं किती कळलं, देव जाणे. माझ्या शेजारची बाई म्हणाली, तिच्या पलीकडचा पुरुष म्हणाला. माझी पाळी आली असं कोणी म्हटलं नव्हतं. मी त्या वाड्यावरचं घर नव्हते. पण आबा मागं वळून माझ्याकडं बघत होते. आते म्हणाले होते ना.

मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

तिसऱ्या प्रहरी मुलांनी झांजा वाजवत मूर्ती व्हाळात (ओढ्यात) पोचवली. सुनंदाच्या मुलानं पाण्यात उतरायचा हट्ट धरला आणि धपाटा खाल्ला. मूर्ती विरघळायला वेळ लागत नाही. थोडा रंग पाण्यावर तरंगला आणि वाहून गेला. नलिनीबाई माझ्याशेजारी काठावर उभ्या होत्या. "माझी बदली होईल," त्या म्हणाल्या. "खालच्याच शाळेत मागून घेणार आहे. ही मुलं तिथं बावरतील पहिल्यांदा."

सकाळी आबा मला पायलटकडे सोडायला आले. वाटेत त्यांनी एकदाच तोंड उघडलं.

"आतां इस्कोल नाय. तुमी परत कित्याक येतलात?"

"भाचे आहेत की."

त्यांनी माझी पिशवी मोटारसायकलला बांधली, गाठ नीट बसली का ते ओढून पाहिलं.

परतीच्या एसटीत मी पुस्तक उघडून बसले होते, पण पान उलटलं नाही. दादाची शाळा चौथीपर्यंतचीच. दर उन्हाळ्यात तो आपली चौथीची सगळी मुलं दुसऱ्या शाळेत लावून द्यायचा. फॉर्म भरायचा, आईबापांची समजूत घालायचा, कधी स्वतः पोचवायला जायचा. आणि जूनमध्ये नव्या पहिलीपुढं उभा राहायचा. पेटी घेऊन गेलेल्या त्या मुलाचं सबंध आयुष्य मुलांना आपल्या दारातून पुढं धाडण्यात गेलं. मला ते माहीत होतं, पण त्याच्याविषयी मी कधी विचार केला नव्हता. तो तिथं असता तर गाऱ्हाण्यातल्या कोणत्या मागण्याला त्यानं होकार दिला असता, हे मला आता फारसं कोडं वाटत नाही. तरीही त्या कुलूपबंद खोलीची आठवण आली की हे शहाणपण पुरत नाही.

कोल्हापूरला शेजारच्या बाईंनी विचारलं, शाळा बघितलीत का? बघितली म्हटलं. चालू आहे का? जूनपर्यंत आहे, म्हटलं. अरेरे, बंद पाडतायत का लोक, असं त्या हळहळल्या.

मी त्यांना सांगितलं, की मीही त्यांच्यातच उभी होते, आणि माझाही आवाज त्या होकारात आहे.