सांधा उशिरा लागला नव्हता

शहरात शिरण्याआधीच्या एका लहान स्टेशनावर मी बरीच वर्षं मास्तर होतो. रूळ दोन, फलाट एकच. समोरासमोरून आलेल्या गाड्या इथंच एकमेकींना वाट देत. बिनफलाटाच्या रुळावर गाडी आली की लोक खडीतून चढत. शहरातल्या गुलमंडीच्या बाजारात लग्नाचं कापड घ्यायला निघालेल्या बायका आधी गाठोडी आत फेकत, मग एकमेकींना वर ओढत. तिथं पोचायला सगळे फलाटावरच्या गाडीपुढूनच रूळ ओलांडत. मग ती गाडी तरी सोडणार कशी? दोन मिनिटांच्या थांब्याला दहा मिनिटं लागत आणि मागच्या गाड्याही रखडत.

वरून फोनवर कारण विचारलं जाई. ‘लोक चढत होते’ म्हटलं की बोलणी बसत. म्हणून मी वहीत लिहायचो, ‘सांधा उशिरा लागला.’

सांधा लावून गाडीला रूळ बदलून देणारा आमचा सांधेवाला मेंढपाळाच्या घरातला, शाळेत न गेलेला. त्याच्या हातून कधीच उशीर झाला नाही. पण त्या नोंदींमुळे त्याची बढती अडली. तरी मी तेच लिहीत राहिलो.

आम्ही दोघं निवृत्त झाल्यावर गावानं दुसरा फलाट मागितला. पाहणीला आलेले अधिकारी सर्वांसमोर म्हणाले, “जुन्या नोंदींत दोष सांधेवाल्याचा दिसतो. फलाट वाढवून काय होणार?”

सांधेवाला पुढंच बसला होता. त्यानं मान खाली घातली. मी उठलो.

“त्या नोंदी खोट्या आहेत. मीच लिहिल्यात.”

“मास्तर, लई लवकर आठवलं की!” तो म्हणाला. लोक हसले, तो हसला नाही. “आता साहेबाला लिहून द्या. तोंडचं वाऱ्यावर जातं.”

तिथंच लिहून दिलं. त्यानं ते शेजारी बसलेल्या आपल्या सुनेकडून वाचून घेतलं.

“ह्यात माझं नाव कुठं हाय? नुसता सांधेवाला म्हंजी कोण?”

मी त्याचं पूर्ण नाव घातलं, वडिलांच्या नावासकट.

काही वर्षांनी दुसरा फलाट झाला, वरून पूलही आला. पहिल्या दिवशी आम्ही दोघंही बघायला गेलो. समोरासमोरच्या गाड्या आल्या, बायका पायरीवरून सरळ फलाटावर उतरल्या. रुळात कुणीच नव्हतं. दोन्ही गाड्या वेळेवर सुटल्या.

“सांधा तोच हाय, मास्तर,” तो म्हणाला.

“व्हय,” मी म्हणालो.

माझ्या घरी चहाला तो अजून आलेला नाही. पण परवा बोलावलं तेव्हा ‘नाय’ म्हणाला नाही, ‘बघू’ म्हणाला.